वाढीची औषधे आटोक्यात कशी ठेवायची: ब्रॉयलर शेड आणि ईदच्या बोकडांसाठी

ब्रॉयलरला हार्मोनचे इंजेक्शन देतात म्हणून तो ३५-४० दिवसांत दोन किलोचा होतो, हे वाक्य चिकन सेंटरसमोर उभे राहिले की कधी ना कधी कानावर पडतेच. ते खरे नाही. पण ते खोडून गप्प बसणेही बरोबर नाही, कारण शेडमध्ये हार्मोन नसले तरी वाढीसाठी म्हणून बरेच काही खाद्यातून आणि पाण्यातून जात असते. ते काय आहे, कायदा काय म्हणतो आणि बॅच उचलेपर्यंत मांसात औषधाचा अंश उरू नये म्हणून नेमके काय करायचे, हे इथे सविस्तर दिले आहे.

आधी हार्मोनचे. वाढीचे हार्मोन हे प्रथिन आहे. खाद्यात किंवा पाण्यात घातले तर डाळीतल्या प्रथिनासारखे ते पोटात पचून जाईल. उपयोग व्हायचा तर ५,००० पक्ष्यांना एकेक करून, तेही पुन्हा पुन्हा टोचावे लागेल. एका पक्ष्यामागे सुटणारे चार पैसे पाहिले तर असे कोणी करणार नाही, आणि ब्रॉयलरसाठी असे मंजूर उत्पादन भारतात मुळात नाहीच. झपाट्याने होणारी वाढ ही निवड पैदाशीची कमाई आहे. कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठाने १९५७, १९७८ आणि २००५ या काळांतल्या कोंबड्यांच्या जाती एकाच खाद्यावर, एकाच पद्धतीने वाढवून पाहिल्या. ५६ व्या दिवशी वजने भरली अनुक्रमे ९०५, १,८०८ आणि ४,२०२ ग्रॅम. खाद्य तेच, पद्धत तीच, फरक फक्त वाणाचा.

अफवेला इतिहासात एक धागा मात्र सापडतो. अमेरिकेत १९४० नंतरच्या काळात डीईएस नावाच्या कृत्रिम स्त्री-हार्मोनच्या गोळ्या कोंबड्यांच्या मानेत बसवत. १९५९ मध्ये ते बंद झाले. आज तिथे गोमांसासाठीच्या जनावरांना सहा हार्मोन चालतात: इस्ट्राडायॉल, प्रोजेस्टेरॉन, टेस्टोस्टेरॉन, ट्रेनबोलोन आणि झेरॅनॉल कानाच्या कातडीखाली गोळीच्या रूपात, आणि मेलेंजेस्ट्रॉल खाद्यातून. कान कत्तलीच्या वेळी टाकून दिला जातो. युरोपीय संघाने अशा मांसाची आयात १ जानेवारी १९८९ पासून बंद केली आणि त्यावरून दोघांत पुढे जागतिक व्यापार संघटनेपर्यंत भांडण गेले. कोंबडी आणि डुकराला मात्र अमेरिकेतही हार्मोन देता येत नाही. तिथल्या पाकिटावर ‘हार्मोन नाहीत’ असे छापायचे असेल तर कायद्यानेच ते बंद आहेत, हेही सोबत छापावे लागते. इकडे ‘हार्मोन फ्री’ म्हणून चिकन महाग विकणारा दुकानदार मुळात नसलेली गोष्ट काढून टाकल्याचे पैसे घेत असतो. त्याला विचारायचा प्रश्न वेगळा आहे: शेवटचे अँटिबायोटिक कोणत्या तारखेला दिले?

मग वाढीसाठी काय देतात

खाद्यात टनामागे काही ग्रॅम अँटिबायोटिक, पहिल्या दिवसापासून शेवटपर्यंत. बॅसिट्रॅसिन, एनरामायसिन, टायलोसिन, व्हर्जिनियामायसिन, क्लोरटेट्रासायक्लिन ही त्यातली परिचित नावे. आजार बरा करायला लागणाऱ्या मात्रेपेक्षा ही मात्रा खूप कमी असते. आतड्यातले जंतू, विशेषतः क्लॉस्ट्रिडियम, दबून राहतात, आतड्याची सूज कमी होते आणि खाल्लेले जास्त अंगी लागते. एफसीआर, म्हणजे किलोभर वजनासाठी लागणारे खाद्य, थोडा सुधारतो. किंमत मात्र दुसरीकडे मोजावी लागते. कमी मात्रेत, आठवडे न् आठवडे औषधाला तोंड देणारे जंतू त्याला सरावतात आणि तेच जंतू मांस, शेणखत, सांडपाणी यांतून माणसापर्यंत पोचतात.

कोलिस्टिनचे उदाहरण डोळ्यांसमोर ठेवा. अतिदक्षता विभागात बाकी सारी औषधे निष्प्रभ झाल्यावर डॉक्टर हाताशी ठेवतात ते हे औषध, आणि आपल्याकडे ते कोंबडीच्या खाद्यात घातले जात होते. कोलिस्टिनला दाद न देणारे जनुक एका जंतूतून दुसऱ्यात सहज उडी मारते, हे २०१५ च्या नोव्हेंबरमध्ये चीनमधल्या संशोधनातून पुढे आले. केंद्र सरकारने जुलै २०१९ मध्ये खाद्य-जनावरे, कोंबड्या, मत्स्यपालन आणि पशुखाद्य पूरकांसाठी कोलिस्टिनचे उत्पादन, विक्री आणि वितरण यांवर बंदी घातली. गोदामाच्या कोपऱ्यात एखादा जुना डबा असेल तर त्यावरचे घटक आजच वाचून घ्या.

कायद्याच्या आणखी तीन गोष्टी पाठ हव्यात.

पहिली, औषध नियमांतला नियम ९७. जानेवारी २०१२ च्या दुरुस्तीनंतर, ज्यांचे मांस, दूध किंवा अंडी खाल्ली जातात अशा जनावरांच्या औषधावर विथड्रॉल पिरियड छापणे सक्तीचे आहे. म्हणजे शेवटची मात्रा दिल्यापासून कापणीपर्यंत थांबायचे दिवस. त्या औषधाचा त्या जनावरासाठी तपासून ठरवलेला काळ नसेल, तर अंडी आणि दुधासाठी किमान ७ दिवस आणि मांसासाठी, चरबी व काळीज-गुर्दे धरून, किमान २८ दिवस. हा २८ चा आकडा ब्रॉयलरवाल्याने नीट समजून घ्यावा. ३८ व्या दिवशी उचलायच्या पक्ष्यातून २८ वजा केले की १० उरतात. थांबण्याचे दिवस न छापलेली बाटली दहाव्या दिवसानंतर शेडमध्ये उघडायचीच नाही.

दुसरी, एफएसएसएआयची, म्हणजे केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाची, बंदी यादी. क्लोरामफेनिकॉल, नायट्रोफ्युरान गट, मेट्रोनिडाझोलचा गट, क्लेनब्युटेरॉल, डीईएस ही त्यातली नावे. यांना थांबण्याचे दिवस नसतात, कारण ती द्यायचीच नसतात. १ एप्रिल २०२५ पासून लागू झालेल्या दुरुस्तीने मांस, दूध, अंडी, मासे आणि मध या सगळ्यांचे नियम आणखी आवळले आहेत.

तिसरी, चिठ्ठी. नोंदणीकृत पशुवैद्यकाच्या चिठ्ठीवाचून अँटिबायोटिक घ्यायचे नाही. मेडिकलवाला किंवा खाद्याचा एजंट ‘हे टाका, जुलाब थांबतील’ म्हणून देतो ती चिठ्ठी नव्हे.

नाशिक-सांगलीकडच्या द्राक्षवाल्याला हे सगळे समजावून सांगावे लागत नाही. फवारणी आणि काढणी यांच्यामधला पीएचआय, म्हणजे थांबायचे दिवस, तो बोटावर मोजतो, कारण २०१० च्या हंगामात सीसीसीचे (क्लोरमेक्वाट क्लोराइड) अंश सापडल्यावर युरोपातून माल नाकारला गेला आणि बागायतदार होरपळले. सीसीसी हेही वाढ नियंत्रकच. कोंबडीचा विथड्रॉल पिरियड आणि द्राक्षाचा पीएचआय ही एकच गोष्ट आहे. फरक इतकाच, की द्राक्षाचा खरेदीदार अहवाल मागतो आणि कोंबडीचा व्यापारी फक्त वजन पाहतो.

खाद्यातले वाढवर्धक काढताना

करार पद्धतीत खाद्य कंपनीचे असते, तेव्हा पहिले पाऊल प्रश्नाचे. सुपरवायझरला तोंडी विचारू नका. प्री-स्टार्टर, स्टार्टर आणि फिनिशर या तिन्हींत कोणते अँटिबायोटिक, कोणते कॉक्सिडिओसिसविरोधी (आतड्यातल्या कॉक्सिडिया परजीवींवरचे) औषध, टनाला किती ग्रॅम आणि थांबण्याचे दिवस किती, हे लेखी मागा. स्वतः खाद्य बनवत असाल तर प्रीमिक्सच्या पिशवीवरचे घटक वाचा. ‘ग्रोथ प्रमोटर’, ‘गट अॅक्टिव्ह’ एवढेच लिहिलेले आणि घटक न छापलेले पाकीट परत करा.

पहिली विनावाढवर्धक बॅच पावसाळ्यात टाकू नये. शेडमध्ये अंथरलेले तूस ओले होणे हा या प्रयोगाचा सर्वांत मोठा शत्रू आहे. दिवाळीनंतरची बॅच चांगली, फक्त थंडी म्हणून पडदे रात्रभर घट्ट बंद ठेवू नका. वरची फूटभर जागा उघडी ठेवा, नाहीतर अमोनिया कोंडतो. पहाटे शेडमध्ये शिरल्यावर डोळे चुरचुरले तर पक्षी आधीच त्रासात आहे असे समजा.

आणि अँटिबायोटिक व कॉक्सिडिओसिसविरोधी औषध एकाच बॅचमध्ये बंद करू नका. सर्वांत जास्त नुकसान होते ते या चुकीने. कॉक्सिडिया आतड्याचे अस्तर फोडतात आणि त्या जखमेत क्लॉस्ट्रिडियम शिरतो. एका बॅचमध्ये दोन्ही पहारेकरी काढले तर १६ ते २४ दिवसांच्या दरम्यान विष्ठा पातळ होते, तिच्यात न पचलेला मका दिसतो, रंग काळपट तपकिरी होतो आणि मरतूक चढते. मग घाबरून उपचाराच्या मात्रेत औषध दिले जाते, तेही बॅच उचलायला दोन आठवडे उरले असताना. म्हणजे वाढवर्धक वाचवून उलट जास्त औषध मांसात गेले.

औषधाची जागा दुसऱ्या पुडीने भरून निघत नाही. ती पहिल्या आठवड्याच्या देखभालीने भरते. पिल्ले येण्याआधी तूस गरम हवे, ब्रूडरखाली पहिल्या आठवड्यात ३२ ते ३३ अंश, नंतर दर आठवड्याला साधारण ३ अंश कमी. पिल्ले सोडल्यावर ८ तासांनी ३०-४० पिल्लांचे पोटगे, म्हणजे मानेखालची अन्नाची पिशवी, हाताने चाचपा. दहापैकी आठ तरी भरलेले आणि मऊ लागायला हवेत. कडक लागले तर खाद्य मिळाले पण पाणी नाही, नुसते पाण्याने फुगलेले असतील तर खाद्य पोचले नाही. सातव्या दिवशी वजन पिल्लाच्या पहिल्या दिवसाच्या चार ते साडेचार पट हवे: ४० ग्रॅमचे पिल्लू १६० ते १८० ग्रॅमवर. हा आकडा गाठला नसेल तर त्या बॅचमध्ये वाढवर्धकाशिवाय निभावणे अवघड आहे, आणि ते त्याच दिवशी पशुवैद्यकाला सांगितलेले बरे.

जागा पक्ष्यामागे १.२ चौरस फूट, म्हणजे ५,००० पक्ष्यांना ६,००० चौरस फूट. तुसाचा थर दोन ते तीन इंच. मूठभर तूस आवळून सोडा: गोळा तसाच राहिला तर ते ओले आहे, भुगा होऊन विस्कटले तर ठीक. निपलखालचा (पाणी प्यायच्या तोटीखालचा) ओला पट्टा रोज काढून तिथे कोरडे तूस टाका. निपल पक्ष्याच्या उंचीपेक्षा खाली राहिले की पाणी सांडते, म्हणून दर दोन-तीन दिवसांनी लाइन उचलावीच लागते.

पाण्यात क्लोरीन लाइनच्या शेवटच्या निपलला २ ते ३ पीपीएम मिळाले पाहिजे. टाकीत मोजून काही कळत नाही, कारण वाटेतला शेवाळी थर क्लोरीन खाऊन टाकतो. लसीच्या आणि औषधाच्या दिवशी क्लोरीन बंद. खाद्यात बाजरी किंवा गहू जास्त असेल तर झायलेनेज एन्झाइम घाला, मासळीचा भुगा टाळा. ब्युटिरेट, सेंद्रिय आम्ले, बॅसिलस सब्टिलिसचे प्रोबायोटिक यांनी मदत होते. पण वरच्या गोष्टी बिघडलेल्या असताना या पुड्यांवर खर्च करणे म्हणजे गळक्या टाकीत पाणी भरणे.

पहिल्या एक-दोन बॅचमध्ये एफसीआर थोडा वाढेल. तो धरूनच हिशेब मांडा.

आजार आला आणि औषध द्यावेच लागले तर

आजारी पक्ष्यावर उपचार करणे चूक नाही. ते करायलाच हवेत. प्रश्न मोजण्याचा आहे.

अंदाजे वजन धरून औषध देणे थांबवा. शेडच्या चार-पाच ठिकाणांहून मिळून १०० पक्षी वजन करा. समजा बॅच २८ दिवसांची, पक्षी ५,०००, सरासरी वजन १.४ किलो. एकूण वजन ७,००० किलो. पशुवैद्यकाने किलोमागे १० मिलिग्रॅम सांगितले असेल तर दिवसाला ७० ग्रॅम मूळ औषध लागेल. द्रावण १० टक्क्यांचे असेल, म्हणजे १०० मिलीत १० ग्रॅम, तर ७०० मिली. वजन ‘दीड-पावणेदोन असेल’ म्हणून १.७ धरले असते तर ८५० मिली गेले असते, पाचव्या हिश्श्याने जास्त. बाटलीवरचे थांबण्याचे दिवस ठरलेल्या मात्रेसाठी असतात. मात्रा वाढवली की ते दिवस लागू राहत नाहीत. कमी मात्राही तितकीच वाईट, कारण तिच्यातून चिवट जंतू उरतात.

या वयात ५,००० पक्षी दिवसाला साधारण १,४०० लिटर पाणी पितात, उन्हाळ्यात बरेच जास्त. आदल्या दिवशी टाकीवर खूण करून स्वतःच्या शेडचा आकडा काढा. दिवसभराची मात्रा सकाळी पाच-सहा तासांत पिऊन होईल एवढ्याच पाण्यात मिसळा, साधारण ४०० लिटर. औषधी पाणी दिवसभर टाकीत ठेवले की त्याचा जोर जातो आणि तळाला साका बसतो. बोअरचे पाणी जड असेल तर टेट्रासायक्लिन गटातली औषधे त्यातल्या कॅल्शियमला चिकटतात आणि पक्ष्याच्या अंगी लागत नाहीत. गुण येत नाही म्हणून दुप्पट मात्रा दिली जाते. इथे मात्रा वाढवायची नसते, पाणी बदलायचे किंवा पशुवैद्यकाला विचारून त्यात सायट्रिक आम्ल घालायचे.

औषधाचा शेवटचा दिवस संपला की लाइन धुणे हा नियंत्रणाचाच भाग आहे, आणि सर्वांत जास्त विसरली जाणारी गोष्टही हीच. २० मिमी पाइपच्या १०० फुटी लाइनमध्ये जवळजवळ १० लिटर औषधी पाणी अडकून राहते. सहा लाइन असतील तर ६० लिटर.

१. टाकी पूर्ण रिकामी करा, कडा आणि तळ ब्रशने घासा, ते पाणी शेडबाहेर सोडा.
२. साधे पाणी भरून प्रत्येक लाइनचे शेवटचे टोक उघडा आणि एकेक लाइन जोरात धुऊ द्या. सगळ्या एकदम उघडल्या तर दाब कमी होतो आणि थर सुटत नाही.
३. मेडिकेटर किंवा डोसिंग पंप असेल तर त्याची नळीही साध्या पाण्यावर १५ मिनिटे चालवा.
४. धुणे संपल्याची वेळ लिहा. मोजणी इथून सुरू होते.

मोजणी तासांत करा. औषध ३ ते ७ तारखेपर्यंत चालले, ७ तारखेला संध्याकाळी ६ वाजता लाइन धुऊन झाली, बाटलीवर ७ दिवस लिहिले आहेत. सात पूर्ण दिवस १४ तारखेला संध्याकाळी ६ ला भरतात. १४ च्या पहाटे गाडी आली तर ती लवकर आली. औषध सुरू केलेल्या तारखेपासून मोजणे ही नेहमीची चूक, आणि तिने चार-पाच दिवस कमी भरतात. दोन औषधे दिली असतील तर ज्याचा काळ उशिरा संपतो तो धरा.

निपल लाइनमधला थर बॅचच्या मध्ये, शेड रिकामे असतानाच नीट निघतो. ५० टक्के ताकदीचे हायड्रोजन पेरॉक्साइड लिटरमागे ३० मिली मिसळून लाइन भरा, २४ तास तसेच ठेवा, मग जोरात धुवा. हातमोजे आणि चष्मा घालूनच. पक्षी शेडमध्ये असताना ही मात्रा कधीही वापरू नका.

तुसातूनही औषध परत येते, हे फार जणांच्या लक्षात येत नाही. पक्षी तूस टोचतो आणि विष्ठेतून बाहेर पडलेले औषध पुन्हा पोटात जाते. सल्फा औषधे आणि निकार्बाझिन यांच्या बाबतीत हे नेहमी घडते. एकच तूस दुसऱ्या बॅचला वापरणाऱ्यांच्या शेडमध्ये तर पक्ष्याला कधीही न दिलेले औषध सापडू शकते. उपचारानंतर फीडरखालचे आणि निपलखालचे तूस तरी बदला, आणि पक्षी उपाशी राहणार नाहीत याकडे लक्ष द्या. भुकेला पक्षी तूस जास्त खातो.

खाद्यातून औषध गेले असेल तर शेवटच्या टप्प्याचे विनाऔषध फिनिशर वेगळे ठेवावे लागते. ५,००० पक्षी शेवटच्या आठवड्यात दिवसाला सुमारे ९०० किलो खातात, म्हणजे ५० किलोची १८ पोती. सात दिवसांची १२६ पोती वेगळ्या फळीवर, पोत्याला रंगाची पट्टी मारून ठेवा. बदलायच्या दिवशी फीडरमधला तळाचा भुगा काढून टाका. वरून नवे खाद्य ओतले तर जुना भुगा पुढचे दोन-तीन दिवस पक्ष्याच्या पोटात जात राहतो, आणि प्रीमिक्सचे बारीक कण नेमके त्या भुग्यातच जास्त असतात.

उचल

नियम मोडतो तो बहुतेक उचलीच्या वेळी. भाव चढला की व्यापारी दोन दिवस आधी गाडी लावतो आणि मोजणी तिथेच तुटते. भाव पडला की बॅच लांबते, गर्दी वाढते, मरतूक सुरू होते आणि पुन्हा औषध जाते. आजकाल उचल तीन-चार रात्रींत विभागून होते. पहिल्या रात्री १,५०० पक्षी गेले, उरलेल्यांत शिंका सुरू झाल्या आणि औषध दिले, तर उरलेल्यांची मोजणी शून्यापासून. ‘याच बॅचचे कालचे पक्षी चालले, मग आजचे का नाही’ हा वाद गाडीवाला घालेलच. उचलीच्या दिवसांत ताणासाठी इलेक्ट्रोलाइट आणि जीवनसत्त्व क देता येते, अँटिबायोटिक नाही.

म्हणून शेडच्या दाराला पाटी लावा: लाल बाजूवर ‘औषध चालू, उचल बंद’ आणि खाली खडूने ‘या तारखेनंतर’. वही स्वतंत्र हवी. तिच्यात तारीख, पक्ष्यांचे वय आणि संख्या, सरासरी वजन, लक्षण, पशुवैद्यकाचे नाव, औषधातला मूळ घटक, बाटलीचा बॅच क्रमांक, दिलेले प्रमाण, सुरू आणि बंद केल्याची वेळ, थांबण्याचे दिवस आणि उचलीची सर्वांत लवकरची तारीख. करार पद्धतीत गाडी कंपनी पाठवते, तेव्हा या पानाचा फोटो सुपरवायझरला आधीच पाठवा. उद्या वाद झाला तर तोच कामी येतो.

ईदचे बोकड

हार्मोन आणि स्टिरॉइडचा खरा धोका कोंबडीपेक्षा इथे जास्त आहे, कारण एकेका जनावराची किंमत मोठी आणि टोचणे सोपे. बकरी ईद दर वर्षी ११ दिवसांच्या आसपास आधी येते आणि तारीख बऱ्याच आधीपासून ठाऊक असते. त्यामुळे उलटी मोजणी सहज करता येते. जंताचे औषध, अँटिबायोटिक, गोचिडांचे इंजेक्शन, सगळे बाजाराच्या दिवसापासून २८ दिवस आधी संपवा. बाटलीवर शेळीसाठी जास्त दिवस छापले असतील तर तितके. आंत्रविषार आणि पीपीआर या शेळ्यांच्या रोगांच्या लसी त्याहून आधी.

‘१५ दिवसांत ५ किलो’ असे सांगून कोणी इंजेक्शन विकायला आला तर साधे गणित करा. ५ किलो भागिले १५, म्हणजे दिवसाला ३३३ ग्रॅम. उस्मानाबादी बोकडाची रोजची वाढ खुराक आणि देखभालीनुसार ५० ते १०० ग्रॅम असते. उरलेले मांस नव्हे, ते अंगात साठलेले पाणी आहे. डेक्सामेथासोनसारख्या स्टिरॉइडने भूक वाढते, अंगात पाणी धरते, जनावर भरलेले दिसते आणि त्याच वेळी त्याची रोगाशी लढण्याची ताकद खचते. बाजाराच्या गर्दीत, प्रवासात आणि पावसात असाच बोकड आधी आडवा होतो. गाभण शेळीला ते चुकून टोचले तर गर्भ पडू शकतो. बिनलेबलची कुपी घेऊ नका आणि लेबल असेल तर मूळ घटकाचे नाव पशुवैद्यकाला वाचून दाखवा. ऑक्सिटोसिनलाही लोक वाढीचे हार्मोन समजतात. ते पान्हा सोडवणारे आणि गर्भाशय आकुंचणारे हार्मोन आहे, त्याने वजन वाढत नाही.

वजन हवेच असेल तर तीन महिने आधी जंत काढा, खुराक हळूहळू वाढवत न्या आणि दर पंधरवड्याला काट्यावर घ्या. खुराक एकदम वाढवला तर पोट फुगणे आणि आंत्रविषार या दोन्हींना आमंत्रण.

तपासणी करून घेताना

हॉटेल, निर्यातदार किंवा एखादी सोसायटी अहवाल मागत असेल तर नमुना एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारी राष्ट्रीय संस्था) मान्यता असलेल्या प्रयोगशाळेत द्या आणि तपासणी एलसी-एमएस या अगदी सूक्ष्म अंश मोजणाऱ्या पद्धतीने मागा. स्नायू आणि काळीज दोन्ही पाठवा, प्रत्येकी किमान २०० ग्रॅम, पाच-सहा पक्ष्यांमधून घेऊन, स्वच्छ वेगळ्या पिशव्यांत गोठवून, बर्फात. अंश काळजात आणि गुर्द्यात अनेकदा स्नायूपेक्षा जास्त दिवस टिकतात.

काय शोधायचे ते नावानिशी लिहून द्या. ‘फ्युराझोलिडोन तपासा’ असे लिहिले तर अहवाल बहुतेक वेळा स्वच्छच येईल, कारण मूळ औषध शरीरात काही तासांतच मोडते. मांसाला चिकटून आठवडे टिकतो तो त्याचा तुकडा, एओझेड. म्हणून नायट्रोफ्युरानचे ‘मेटाबोलाइट’ मागायचे: एओझेड, एएमओझेड, एएचडी आणि एसईएम. एन्रोफ्लॉक्सासिन शोधताना सिप्रोफ्लॉक्सासिनही सोबत मोजायला सांगा, कारण पक्ष्याच्या शरीरात एकाचे दुसरे होते.

अंश सापडले आणि वहीत ते औषध नसेल, तर शोध ठराविक क्रमाने घ्या. आधी खाद्य: प्रत्येक खेपेतल्या दहा पोत्यांमधून मिळून एक किलो नमुना बॅच उचलल्यानंतरही दोन महिने कोरड्या डब्यात जपून ठेवला असेल तरच हे शक्य होते, आणि पोत्याचा टॅग त्या डब्याला बांधलेला हवा. मग टाकी आणि लाइनचा थर. मग तूस. तिन्ही स्वच्छ निघाले, तर ‘टॉनिक’ किंवा ‘लिव्हर टॉनिक’ म्हणून आलेल्या बाटल्यांतले उरलेले द्रावण तपासायला पाठवा.